कोल्हेतोंड्या देवाची तागडी

आमच्या शाळेत इतिहास आणि शास्त्र हे दोन्ही विषय माझ्याच गळ्यात पडले होते, तिथून हे सगळं सुरू झालं. शाळा नवी, मास्तर चार, विषय नऊ. पहिल्या तासाला इजिप्तचे राजे, दुसऱ्याला पृथ्वीवरचे आदिकालीन प्राणी, आणि मधली घंटासुद्धा मीच वाजवायचो. पोरांच्या एकाच वहीत दोन्ही उतरायचे. सहामाहीच्या पेपरात एकाने लिहिलं की पिरॅमिडचे दगड डायनासोरांनी ओढून आणले. मी भोपळा द्यायला हात उचलला आणि थांबलो. साफ खोटं होतं, पण झकास होतं. मी त्याला अर्धा गुण दिला आणि हेडमास्तरांनी त्यावरून मला चांगलं फैलावर घेतलं.

ही साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. नंदुरबार तेव्हा जिल्हा नव्हता, धुळे जिल्ह्यातला एक तालुका होता. आमचं गाव शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर. वस्ती बहुतेक गुजर शेतकऱ्यांची. कापूस, केळी, ऊस. मी त्याच पट्ट्यातला, घरी अहिराणी बोलणारा. शुद्ध मराठी शाळेच्या पायरीवर अंगात घालायची आणि घरी जाताना काढून ठेवायची, असा माझा रिवाज होता. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत शिक्षकांची सहल दिल्लीला गेली आणि तिथे मी टेलिव्हिजन पाहिला. लाकडी पेटी, पुढे काच, आणि काचेत एक बाई वीणा वाजवत होती. ती खरी बाई म्हणे शेजारच्या इमारतीत बसली होती. मी त्या पेटीपुढून हललोच नाही. सोबतच्या मास्तरांनी दंडाला धरून बाहेर काढलं.

गावी येऊन हे सांगितलं आणि फसलो. चौकातल्या ओट्यावर महिनाभर दुसरा विषय नाही. "मास्तर, दिल्लीनी पेटीमा माणूस मावस, आनि आम्हना घरमा पाव्हना मावत नही," असं कोणी तरी म्हणायचं, आणि बाकीचे गुडघे थोपटून हसायचे. माझं नावच फेकू पडायची वेळ आली. मला राग लवकर येतो, आणि आला की मी काही तरी करून बसतो. मी जाहीर करून टाकलं की पुढच्या शनिवारपासून आमच्या शाळेत टेलिव्हिजन लागणार.

शनिवारी सकाळची शाळा असायची, अकराला सुटायची. पटांगणात बांबूच्या तट्ट्यांची एक मोठी पेटी उभी केली, खोलीएवढी. पुढचा चौकोन मोकळा ठेवला आणि त्यावर जुन्या मच्छरदाणीचं कापड ताणलं, काचेसारखं. बाजूला नारळाच्या दोन करवंट्या ठोकल्या, ती बटणं. उजवी करवंटी फिरवली की आतली माणसं हलायची, बोलायची; डावी फिरवली की सगळ्यांनी आहे तिथे दगड व्हायचं. पोरांना यातलं सगळ्यात काय आवडलं असेल तर ते दगड होणं. घरी आईने हाक मारली तरी दगड होऊ लागली.

आता त्यात दाखवायचं काय, तर माझ्या दोन्ही विषयांची खिचडी. शे-दोनशे वर्षांनंतरचे शास्त्रज्ञ रॉकेटमधून एका लांबच्या ताऱ्यावर जातात. पाहतात तर तिथे इजिप्तचे जुने देव राहतात. नाईल नदी सोडून गेलेले. आणि जाताना त्यांनी आपली जनावरं बरोबर नेली, आपल्याकडे कोणी नव्या गावी वस्तीला जाताना बैल नेतं तशी. ती जनावरं म्हणजे डायनासोर. म्हणूनच पृथ्वीवर आता ती दिसत नाहीत. हे मी इतक्या गंभीरपणे सांगायचो की आमच्या हेडमास्तरांनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, हे कोणत्या पुस्तकात आहे म्हणून.

देवांमधला मुख्य म्हणजे कोल्ह्याच्या तोंडाचा. इजिप्तच्या लोकांचं म्हणणं असं की माणूस मेला की हा देव त्याचं काळीज तागडीत घालतो, आणि दुसऱ्या पारड्यात एक पीस ठेवतो. काळीज पिसाहून हलकं निघालं तर तो जीव सुटला. जड निघालं तर शेजारी एक हिंस्र प्राणी बसलेलाच असतो, तो ते खाऊन टाकतो. त्या प्राण्याच्या जागी मी डायनासोर बसवला. कापसाच्या बारदानाचं अंग, दोरखंडाची शेपटी आणि आत आठ पोरं. काळीज म्हणून एक भरताचं वांगं. पीस मोराचं, ते आमच्याकडे लागेल तितकं.

पहिल्या शनिवारी माझे चांगलेच वाभाडे निघाले. गावातली दहा-पंधरा माणसं मजा पाहायला आली होती. रॉकेट उडालं, देव आले, कोणी हूं की चूं केलं नाही. पण कोल्हेतोंड्या देवाने तागडी उचलली मात्र, सगळे एकदम उठून उभे राहिले. नववीतल्या ज्या पोराला मी देव केला होता, त्याने तागडी धरली होती कशीही. आणि त्याहून मोठा गुन्हा म्हणजे तोलण्याआधी रिकामी पारडी दाखवलीच नव्हती. "देवा, पहिले रिकामी तागडी दखाड," मागून कोणी तरी ओरडलं. कापूस विकणारी माणसं ती. व्यापारी कापूस तोलतो तेव्हा आधी रिकामी तागडी उचलून सगळ्यांना दाखवायची, दोन्ही पारडी सारखी आहेत हे पटवायचं, हा आमच्याकडचा कायदा. इजिप्तच्या देवाला तो कसा सुटणार? शास्त्रज्ञांचं रॉकेट चालून गेलं, डायनासोर चालून गेला, पण रिकामी न दाखवलेली तागडी चालली नाही.

त्यांनीच मग उपाय काढला. गावातला मापाडी, म्हणजे कापूस तोलून देणारा माणूस, साठीचा असेल, त्याला आम्ही आबा म्हणायचो. त्याला देव करा, म्हणाले. आबांची ख्याती अशी की दोन भावांचं वाटणीवरून भांडण असलं तरी दोघे त्यांच्या तोलावर मान हलवायचे. हातची तागडी धरताना वजनाच्या पारड्याला डाव्या हाताची करंगळी हळूच टेकवायची, म्हणजे समोरचा माल हलका भासतो आणि विकणाऱ्याला आणखी घालावा लागतो, ही बाजारातली जुनी लबाडी. डोंगरातून मोह, चारोळी, डिंक घेऊन उतरणाऱ्यांना तर ती पाचवीला पुजलेली. आबांनी ती करंगळी जन्मात लावली नव्हती. तोलताना डावा हात ते पाठीमागे धरायचे, सगळ्यांना दिसेल असा.

त्याच शनिवारी आणखी एक तक्रार आली. कापूस वेचायला डोंगराकडून माणसं यायची, त्यांतला एक कोकणी जमातीचा आदिवासी, नवापूरकडचा, चाळिशीचा असेल. सगळं संपल्यावर तो माझ्यापाशी आला. घरी तो आपली कोकणी बोली बोलायचा, आमच्याशी बाजारातली अहिराणी. देवाच्या तोंडाला आम्ही कागदी पिशवी रंगवून घातली होती. ती हातात घेऊन त्याने उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "मास्तर, हाऊ देव नही शे. हाई पिशवी शे."

तो भोवाड्याचे मुखवटे करणारा निघाला. त्यांच्या गावांत भोवाडा होतो, देवांची आणि राक्षसांची लाकडी तोंडं बांधून माणसं नाचतात. त्याने आपण होऊन मुखवटा करायचं कबूल केलं, फक्त आधी देवाची माहिती हवी म्हणाला. हा काय खातो, कोणावर रागावतो, याच्या येण्याची चाल कोणती. त्यांच्याकडे प्रत्येक तोंडाची वाजवायची चाल वेगळी. मी इतिहासाचा मास्तर, पण हे प्रश्न मला कोणी विचारले नव्हते. सगळं ऐकून त्याला कोल्ह्याच्या तोंडाचं काही नवल वाटलं नाही, आमच्यात मगरदेव आहे, म्हणाला. काळीज तोलण्याचं मात्र त्याने दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "मनमा राग ठेईसन माणूस गया, तर काळीज जड व्हस का, मास्तर?"

मी तेव्हा शास्त्रज्ञांच्या टोप्या शिवत होतो. मान वर न करता म्हणालो, "राग सर्वात जड. मणभर भरतो."

दोन आठवड्यांनी त्याने पांगाऱ्याच्या लाकडाचा मुखवटा आणला. लांब तोंड, उभे कान, काजळाने काळा केलेला, आणि डोळे असे की आमचे वर्गातले टवाळ एकदम गप्प झाले. तोंड बांधण्याआधी त्याने हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि आबांना बजावलं की हे तोंड बांधलेल्या माणसाने खोटं काही करायचं नाही. आबा म्हणाले की न बांधताही ते करत नाहीत. मग पत्र्याच्या डब्यावर एक पोरगा त्याने शिकवलेली चाल वाजवू लागला, आबा पेटीत आले, रिकामी तागडी उचलून चारी बाजूंना दाखवली आणि पटांगणातून एकमुखाने आवाज आला, "बराबर शे." बाजारात तोल पटला की म्हणायचा शब्द तो. मला इतका आनंद झाला की मी बटण बंद करायचं विसरलो.

तिथून पुढे शनिवार म्हणजे सण झाला. आसपासच्या गावांतून बैलगाड्या येऊ लागल्या. दर आठवड्याला एकेका पापी राजाचं काळीज तोललं जायचं, वांगं खाली जायचं, डायनासोर आ करायचा आणि आतली पोरं ते वांगं कच्चंच खायची. मला कोणी फेकू म्हणेना. एक म्हातारा तर म्हणाला की दिल्लीची पेटी यापेक्षा लहानच असणार. मी त्या दिवसांत हवेत होतो, कशाला खोटं सांगू. माणसाने आयुष्यात एकदा तरी इतकं खूश असावं.

जमिनीवर आणलं ते माझ्या बायकोने. आमच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बायकांकडून तिला कळलं होतं. तो मुखवटेवाला दर साली बायकोला घेऊन वेचणीला यायचा, यंदा एकटा आला होता. पावसाळ्यात ती तापाने आजारी असताना तो कामासाठी गुजरातकडे निघाला. जाऊ नको, ती म्हणाली. तो गेला. ती त्यावर एक शब्द बोलली नाही, तोंड फिरवून बसली. तो परत आला तेव्हा ती त्याच तापात वारली होती. "रागमा गयी ती," बायको म्हणाली. "आनि तुम्ही त्याले सांगं, राग मणभर भरस म्हणीसन. तुम्हनी जीभ साळामा ठेईसन येत जा."

दुसऱ्या दिवशी मी त्याला शोधत वावरात गेलो. तो दुपारच्या भाकरीनंतर बांधावर बसला होता आणि हातात पांगाऱ्याचा एक तुकडा, मुठीएवढा. त्याला काळजाचा आकार येत होता. मी म्हणालो, अरे, ते मी आपलं बोलून गेलो, ते लोक चार हजार वर्षांपूर्वीचे, ती त्यांची समजूत. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला की होळीच्या आधीच्या शनिवारी, शेवटच्या खेळात, वांग्याच्या जागी हे तोलायचं. होळीला तो गावी जाणार होता. बायकोचा जीव सुटला की नाही, हे जाण्याआधी त्याला कळायला हवं होतं. मी नाही म्हणू शकलो असतो का? मुखवटा त्याचा, चाल त्याची, आणि देव आता माझ्यापेक्षा त्याचाच जास्त होता.

मी तसाच आबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. लाकूड कितीही हलकं घ्या, पिसापुढे ते जाणारच खाली. एकदाच, आबा, म्हटलं, करंगळी टेकवा. नाटकच तर आहे. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नववीतल्या पोरासारखा उभा राहिलो. "मन्ही तागडी खोटं बोलत नही," ते म्हणाले. "देवनं तोंड बांधीसन ते नहीच नही." आणि आत निघून गेले. तो आठवडा मी कसा काढला माझं मला माहीत. खेळच रद्द करावा असंही मनात आलं, पण त्याला काय कारण सांगणार होतो?

शनिवारी अकरा वाजता पटांगण भरलं. ऊन चांगलं होतं, मच्छरदाणीच्या कापडातून आतलं स्वच्छ दिसत होतं. उजवी करवंटी फिरली. डब्यावर चाल वाजली आणि आबा कोल्ह्याचं तोंड बांधून आले. तागडी उचलून चारी बाजूंना दाखवली. "बराबर शे," लोक म्हणाले. मग तो मुखवटेवाला गर्दीतून उठला, पेटीत शिरला आणि कमरेच्या फडक्यातून ते लाकडी काळीज काढून त्याने स्वतः पारड्यात ठेवलं. आता पटांगणात एकही माणूस असा नव्हता ज्याला ते कोणाचं काळीज आहे हे माहीत नव्हतं. बायकांनी ते गावभर केलं होतं.

आबांनी दुसऱ्या पारड्यात मोराचं पीस ठेवलं आणि तागडी उचलली. काळीज खाली गेलं. जाणारच होतं. डायनासोरमधल्या आठ पोरांना कोणी काही सांगितलं नव्हतं, त्यांनी ठरल्याप्रमाणे आ केला. तो माणूस त्या पारड्याकडे बघत उभा होता, हात दोन्ही बाजूंना लोंबत. मी करवंटीपाशी होतो. डावी फिरवून सगळ्यांना दगड करावं असं वाटलं, पण माझाच हात उचलेना.

तेवढ्यात आबांचा डावा हात पाठीमागून पुढे आला. दोरी सावरावी तसा तो पिसाच्या पारड्यापाशी गेला आणि करंगळी काठावर टेकली. काळीज सावकाश वर येऊ लागलं. पिसाच्या बरोबरीला आलं, मग त्याच्याही वर गेलं, आणि आबांनी ते तिथेच धरून ठेवलं, त्याला पोटभर बघता यावं इतका वेळ.

ती करंगळी समोरच्या एकूण एक शेतकऱ्याने पाहिली. मूठभर कापसासाठी व्यापाऱ्याचं बखोट धरणारी ती माणसं, त्यांना ती दिसणार नाही असं होऊच शकत नव्हतं. मग पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने घसा साफ केला आणि म्हणाला, "बराबर शे." त्याच्या मागून सगळं पटांगण म्हणालं, "बराबर शे." बायकासुद्धा म्हणाल्या. मी चष्मा काढून पुसत राहिलो. डायनासोर बिचारा तोंड उघडून तसाच उभा होता, शेवटी मी खुणेनं त्याला ते मिटायला लावलं.

त्या माणसाने काळीज उचलून घेतलं, फडक्यात बांधलं आणि तापीकडे चालत गेला. ते त्याने नदीत सोडलं, असं नंतर कळलं. आबांनी मुखवटा काढून माझ्या हातात दिला. घामाने त्यांचं तोंड भिजलं होतं. "पुढला सालले दुसरा देव देख," एवढंच म्हणाले. नंतर कित्येक वर्षं मी त्यांना कापूस तोलताना पाहिलं. डावा हात पाठीमागेच.

दुसऱ्या साली वेचणीला तो परत आला. अंगाने जरा भरला होता, हसत होता. मुखवटा आम्ही हेडमास्तरांच्या खोलीत टांगला होता, आणि हंगामाचा पहिला कापूस तोलण्याआधी काही शेतकरी येऊन त्याला कुंकू लावून गेले होते, ते पाहून त्याला बरं वाटलं. यंदा कोणता देव करायचा, त्याने विचारलं. मला ते मनात ठेवून राहवेना. मी चहाचा कप त्याच्यापुढे सारला आणि म्हणालो, गेल्या साली मी चुकीचं बोललो होतो, आणि शेवटच्या खेळात जे झालं, त्याबद्दलही मला तुला काही सांगायचं आहे.

त्याने चहा बशीत ओतला, एक घोट घेतला.

"मी ती करंगळी वळखस, मास्तर," तो म्हणाला. "जलमभर बाजारमा तिनी मन्हाकडथीन लिधं. आबानी ते ती कधीच लायेल नव्हती. मन्ही बाईसाठे लाई."